लुई पूझँ आणि सिक्लाद : डिझाइन जिंकलं, नेटवर्क बंद पडलं

टेक्नॉलॉजीच्या गोष्टी सांगताना आपल्याकडे एकतर हुशार इंजिनियर विरुद्ध मठ्ठ सरकार असा पिक्चर बनतो, नाहीतर 'काळाच्या पुढे होता बिचारा' म्हणून विषय संपवतात. दोन्हीत कुणी कधी काय ठरवलं आणि तेव्हा हातात दुसरं काय होतं हे कळतच नाही. म्हणून फ्रान्सचं हे प्रकरण, म्हणजे लुई पूझँ या इंजिनियरने १९७० च्या दशकात बांधलेल्या सिक्लाद या कॉम्प्युटर नेटवर्कचं, जरा नीट, टप्प्याटप्प्याने मांडतोय. अशा लेखात नावं झाकायची पद्धत असते, पण इथली इंजिनियर मंडळी पुस्तकांत आणि पुरस्कारांच्या याद्यांत आहेत, त्यांची नावं कुठे झाकणार, ती दिलीयेत. सरकारी खात्यांतले अधिकारी मात्र पदानेच येतील.

पार्श्वभूमी

लुई पूझँ यांचा जन्म १९३१ चा, मध्य फ्रान्समधल्या न्येव्र जिल्ह्यातला. शिक्षण पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे तिथून बाहेर पडलेला माणूस सहसा मोठ्या सरकारी खुर्चीवर जाऊन बसतो. हे गेले बुल या फ्रेंच कंपनीत, कॉम्प्युटरच्या कामाला.

१९६३ ला ते अमेरिकेत एमआयटीला गेले. तिथे तेव्हा सीटीएसएस चालू होतं, म्हणजे एकच मोठं मशीन आणि त्यावर टर्मिनल लावून अनेक लोक एकाच वेळी काम करतायत. पूझँच्या लक्षात आलं की आपण रोज त्याच त्याच कमांड त्याच क्रमाने टाइप करतोय, मग त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि मशीनला सांगायचं की ही फाइल वाच आणि एकेक करत जा. त्यातून रनकॉम नावाचा प्रोग्राम झाला. पुढे मल्टिक्स या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्यांनी हीच कल्पना वाढवून एक टिपण लिहिलं, कमांड वाचणारा भाग हा सिस्टिमच्या पोटात न ठेवता वेगळा, बदलता येईल असा ठेवा, आणि त्याला शेल हे नावही त्यांनीच दिलं. कोड मात्र दुसऱ्यांनी लिहिला, कारण हे १९६५ ला फ्रान्सला परतले. आज लिनक्सवर काम करणारी पुण्या-नाशिकची पोरं बॅशआरसी फाइल उघडतात त्यातलं 'आरसी' या रनकॉमवरून आलंय, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं.

परत आल्यावर त्यांनी फ्रान्सच्या हवामान खात्यासाठी सीडीसी ६४०० मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली, ती जवळपास पंधरा वर्षं वापरात राहिली. हे मुद्दाम सांगतोय. हवामानाचा अंदाज रोज ठरलेल्या वेळेला निघालाच पाहिजे, तिथे 'पेपर छापून आला की काम झालं' चालत नाही. पुढे नेटवर्क बांधताना हा माणूस सारखा 'हे साधं कसं करता येईल' म्हणून मागे लागलेला दिसतो, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं.

दुसरीकडे देशात काय चाललेलं? १९६४ ला बुल अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या ताब्यात गेली आणि अणुकार्यक्रमासाठी हवं असलेलं मोठं मशीन द्यायला अमेरिकेने आढेवेढे घेतले. सरकारला ते फार लागलं. १९६६ ला 'प्लान काल्क्यूल' ही स्वदेशी कॉम्प्युटरची सरकारी योजना जाहीर झाली. त्यातून सीआयआय ही स्वदेशी कॉम्प्युटर कंपनी आली, १९६७ ला पॅरिसजवळ रोकाँकूरला इरिया ही संशोधन संस्था आली, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र सरकारी कार्यालय आलं, देलेगासियाँ आ लॅंफोर्मातिक. पुढे या लेखात मी त्याला नुसतं 'कार्यालय' म्हणणार आहे.

अडचण काय होती

लांब लांबचे कॉम्प्युटर जोडणारं अमेरिकेचं आर्पानेट हे नेटवर्क १९६९ ला सुरू झालं आणि कार्यालयाला वाटलं आपल्याकडेही असं पाहिजे. १९७१ ला काम पूझँकडे आलं, बसायला जागा इरियात.

सांगायला सोपं, पण हातात काय होतं बघा. टीम छोटी. मशीन शक्यतो सीआयआयचीच वापरायची. जोडायचे कॉम्प्युटर मात्र वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या विद्यापीठांत आणि संशोधन केंद्रांत बसलेले, एकमेकांशी बोलायची सवय कुणालाच नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे लाइनी. देशातली प्रत्येक तार टपाल-तार-टेलिफोन खात्याची, कायद्यानेच मक्तेदारी. म्हणजे ज्या खात्याच्या परवानगीशिवाय एक बाइट पॅरिसबाहेर जाणार नाही, ते खातं या प्रकल्पाचं मालक नाही आणि त्यात त्याला काही मिळणारही नाही. वर त्याच खात्याच्या सीएनइटी या संशोधन केंद्रात रेमी देप्रे यांची टीम स्वतःचं पॅकेट नेटवर्क, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे (पॅकेट) करून पाठवणारं नेटवर्क, बनवत होती. एकाच सरकारच्या दोन हातांनी एकच काम घेतलेलं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, आर्पानेटची नक्कल. पूझँ आणि मंडळी अमेरिकेत जाऊन ते बघून आली, आणि त्यांना ते भारी वाटलं पण गुंतागुंतीचंही वाटलं. तिथे कॉम्प्युटरच्या पुढे बसवलेली आयएमपी नावाची छोटी मशीन बरंच काम आपल्याकडे घेत होती, मेसेज क्रमाने पोचवायचा, पोचला की उलट निरोप द्यायचा, वगैरे. नक्कल केली असती तर धोका कमी होता. पण तेवढा पैसा नव्हता, माणसं नव्हती, आणि मग त्यात संशोधन ते काय राहणार.

दुसरा पर्याय, टेलिफोन खात्याशी हातमिळवणी. त्यांच्या डिझाइनमध्ये व्हर्च्युअल सर्किट होतं. आधी कॉल लावायचा, नेटवर्कमध्ये एक रस्ता ठरतो, मग सगळी पॅकेटं त्याच रस्त्याने त्याच क्रमाने जातात आणि मधलं प्रत्येक मशीन तो कॉल लक्षात ठेवतं. टेलिफोनवाल्यांना हे पटणारच, कारण कॉल आहे म्हणजे सुरुवात आहे, शेवट आहे, बिल आहे.

तिसरा पर्याय पूझँनी घेतला. नेटवर्क शक्य तितकं मठ्ठ ठेवायचं. प्रत्येक पॅकेटवर पूर्ण पत्ता, प्रत्येक पॅकेट आपापल्या वाटेने जाणार, उशिरा येईल, उलटसुलट येईल, एखादं हरवेलही, आणि नेटवर्क त्याची जबाबदारी घेणार नाही. लग्नाच्या वऱ्हाडाचं धरा. एका एसटीत सगळ्यांना कोंबून नेलं तर बस पंक्चर झाली की अख्खं वऱ्हाड घाटात. त्याऐवजी प्रत्येकाच्या हातात मंगल कार्यालयाचा पत्ता द्या, ज्याला जसं जमेल तसा तो येईल, आणि मंगल कार्यालयाच्या दारात मामा यादी घेऊन उभे, कोण आलं कोण राहिलं बघतील आणि राहिलेल्याला परत बोलावणं धाडतील. हे दारातले मामा म्हणजे दोन टोकांचे कॉम्प्युटर. या सुट्या पॅकेटला डेटाग्राम म्हणतात.

कल्पना हवेतून आलेली नाही. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनल्ड डेव्हिस यांनी या दिशेने आधीच विचार केला होता. पण अख्खं नेटवर्क फक्त याच तत्त्वावर बांधून, चालवून दाखवायचं आणि विश्वासार्हतेचा सगळा भार टोकांवर टाकायचा, हे सिक्लादने केलं.

इथे तांत्रिक निर्णय आणि राजकीय निर्णय एकमेकांत अडकले होते, आणि त्याचा अंदाज तेव्हा कुणाला होता असं मला वाटत नाही. नेटवर्क मठ्ठ ठेवायचं म्हणजे डोकं कॉम्प्युटरवाल्यांकडे आणि टेलिफोन खात्याकडे फक्त तारा. कागदावर ही आकृती होती, खात्याने वाचली असेल तर त्याला त्यात आपली बदली दिसली असेल.

काय केलं

नेटवर्कचं नाव सिक्लाद, एजियन समुद्रातल्या ग्रीक बेटांवरून, सुटी सुटी बेटं जोडायची म्हणून. आतल्या पॅकेट वाहून नेणाऱ्या भागाचं नाव सिगाल, म्हणजे रातकिड्यासारखा करकरणारा कीटक. त्यांनी स्विचला, म्हणजे पॅकेट पुढे धाडणाऱ्या मशीनला, स्पीकर लावला होता, पॅकेट गेलं की आवाज यायचा. डीबगिंगची ही पद्धत मला फार आवडते, स्क्रीनकडे न बघता कानाने कळतंय की ट्रॅफिक चालू आहे का मेलं. स्विच म्हणून सीआयआयचे मित्रा-१५ हे मिनी कॉम्प्युटर वापरले.

नोव्हेंबर १९७३ ला पहिलं प्रात्यक्षिक झालं, १९७४ मध्ये नोड वाढत गेले, पॅरिस, ग्रनोब्ल, तुलूज अशा ठिकाणांची मशीन जोडली गेली, आणि पुढच्या काळात लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपर्यंत आणि इटलीतल्या युरोपियन अंतराळ संस्थेच्या केंद्रापर्यंत जोडणी गेली.

टोकाच्या कॉम्प्युटरवर 'ट्रान्सपोर्ट स्टेशन' नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यात ह्युबेर झिमरमान यांचं काम मोठं. हरवलेलं परत मागवणं, क्रम लावणं हे सगळं तिथे. पण खरी गंमत खिडकीत आहे. समोरचा सांगतो की माझ्याकडे आत्ता एवढी जागा आहे, तेवढंच पाठव. पाठवणारा तेवढं पाठवतो, पोच आली की खिडकी पुढे सरकते आणि अजून पाठवतो. त्यामुळे प्रत्येक पॅकेटमागे थांबावं लागत नाही आणि समोरच्याच्या अंगावर पूरही येत नाही. आज मोबाइलवर व्हिडिओ डाउनलोड होतो तेव्हा टीसीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवर डेटा नीट पोचवायच्या नियमांमध्ये, याच जातीचं काम चालू असतं.

ते तिकडे कसं पोचलं तेही बघा. टीममधले जेरार ल लान १९७३-७४ मध्ये स्टॅनफर्डला व्हिंट सर्फ यांच्याकडे गेले, ज्या काळात सर्फ आणि बॉब कान टीसीपीचा आराखडा बनवत होते. मे १९७४ ला त्या दोघांचा जो पेपर आला त्यात फ्रेंच मंडळींचे आभार आहेत. आता यावरून 'इंटरनेट फ्रान्सने बनवलं' म्हणणारे लोक आहेत आणि ते अती आहे. वेगवेगळी नेटवर्क गेटवेने जोडायचा पसारा, रेडिओ आणि सॅटेलाइटवरून पॅकेट पाठवायचे प्रयोग, ते कान-सर्फ यांच्याकडचं होतं. पण हेही खरं की सुरुवातीला टीसीपी एकच जाड थर होता आणि १९७८ ला त्याचे दोन भाग केले, खाली आयपी, वर टीसीपी. खालचा आयपी बघितला तर तो मठ्ठ डेटाग्रामच आहे, सिगालच्या घराण्यातला.

१९७४ : जमीन सरकली

एप्रिल १९७४ ला राष्ट्राध्यक्ष पाँपिदू गेले, मे महिन्यात जिस्कार देस्तँ निवडून आले. नव्या सरकारला स्वदेशी कॉम्प्युटरचा हट्ट नको होता. वर्ष संपायच्या आत कार्यालय मोडीत काढलं, त्याचे प्रमुख पदावरून गेले. पुढे सीआयआय हनिवेल-बुलमध्ये विलीन झाली. म्हणजे पूझँना पैसा देणारा, त्यांची मशीन बनवणारा आणि वरती त्यांची बाजू मांडणारा, तिघेही दीड-दोन वर्षांत हलले.

टेलिफोन खात्याचं नेमकं उलट. फ्रान्समध्ये तेव्हा गंमतीने म्हणायचे की अर्धा देश फोन मिळायची वाट बघतोय आणि उरलेला अर्धा डायल टोनची. नव्या सरकारने टेलिफोन सुधारायचं मनावर घेतलं, खात्याला पैसा आणि ताकद दोन्ही मिळालं. त्यांच्या सार्वजनिक डेटा नेटवर्कचं नाव ठरलं ट्रान्सपॅक, अर्थातच व्हर्च्युअल सर्किटवर.

आणि घड्याळही खात्याच्या बाजूने होतं. जगभरच्या टेलिफोन खात्यांची जिनिव्हाची समिती, सीसीआयटीटी, दर चार वर्षांनी शिफारशी मंजूर करायची. १९७६ चुकलं तर थेट १९८०. फ्रान्स, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेची टेलनेट कंपनी यांनी घाईघाईने एकत्र येऊन एक्स.२५ हे व्हर्च्युअल सर्किटवालं मानक तयार केलं आणि १९७६ ला ते मंजूर करून घेतलं. टेलनेटचे प्रमुख होते लॅरी रॉबर्ट्स, आर्पानेट उभं करणारेच. म्हणजे 'टेलिफोनवाल्यांना पॅकेट कळत नव्हतं' हे म्हणणं टिकत नाही, पॅकेट कळणाऱ्या माणसानेही धंदा करायला बसल्यावर व्हर्च्युअल सर्किट उचललं.

त्याच वर्षी पूझँनी न्यूयॉर्कच्या एका कॉन्फरन्समध्ये पेपर वाचला, व्हर्च्युअल सर्किट विरुद्ध डेटाग्राम, तांत्रिक आणि राजकीय प्रश्न. त्यांचा रोख स्पष्ट होता की हा वाद फक्त इंजिनियरिंगचा नाही, कॉम्प्युटरच्या धंद्यावर ताबा कुणाचा हा आहे. मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण ज्यांच्या तारांवर आपलं नेटवर्क चाललंय त्यांनाच भर सभेत असं सुनावायचं, तेही पाठीशी मंत्रालयात कुणी उरलेलं नसताना, हा मोठाच जुगार होता.

आणखी एक दार उघडं होतं. आयएनडब्ल्यूजी या नेटवर्कवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय गटात सर्फ, झिमरमान, ब्रिटनचे रॉजर स्कँटलबरी आणि बीबीएन कंपनीचे अ‍ॅलेक्स मॅकेंझी यांनी १९७५ ला टोक-ते-टोक प्रोटोकॉलचा (दोन टोकांच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांचा) एक मधला तोडगा काढला, टीसीपी आणि सिक्लाद यांच्यामधला. युरोपातले लोक तयार होते. पण डार्पा या अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचं टीसीपीवर काम पुढे गेलेलं होतं, ते मागे फिरले नाहीत. म्हणजे पूझँना दोन्हीकडून नकार, घरी खात्याचा आणि बाहेर ज्यांना आपली कल्पना पटली होती त्यांचाही.

निकाल

ट्रान्सपॅक डिसेंबर १९७८ ला सुरू झालं. दर अंतरावर नव्हता, डेटावर होता, म्हणजे लांबच्या गावातल्या बँकेच्या शाखेलाही परवडायचं. १९८२ पासून मिनिटेल, म्हणजे फोनलाइनवर चालणारं घरगुती टर्मिनल, देशभर पसरलं आणि त्याचा डेटा याच ट्रान्सपॅकवरून जायचा. इंटरनेटच्या कितीतरी आधी फ्रान्समधली सामान्य माणसं घरच्या टर्मिनलवर रेल्वेची तिकिटं काढत होती. म्हणून देप्रे आणि त्यांच्या टीमला खलनायक बनवायचं काही कारण नाही, त्यांनी जे कबूल केलं ते वेळेत देऊन दाखवलं. मिनिटेल ३० जून २०१२ ला बंद झालं.

सिक्लादचा पैसा १९७५ नंतर आटत गेला आणि १९८१ ला ते बंद. दोनच वर्षांनी, १ जानेवारी १९८३ ला, आर्पानेट टीसीपी/आयपीवर गेलं. एक्स.२५ मध्ये १९८० ला डेटाग्रामची सोय घातली होती, ती १९८४ ला परत काढून टाकली.

टीम पांगली, पण कामं थांबली नाहीत. झिमरमान ओएसआयच्या, म्हणजे नेटवर्कचं काम वाटून देणाऱ्या सात थरांच्या मॉडेलचे मुख्य शिल्पकार झाले, इंजिनियरिंगला आपण जे घोकतो तेच. पूझँ पुढे सोफिया आंतिपोलिसच्या थीसिअस संस्थेत शिकवत होते. मान मिळायला वेळ लागला, १९९७ ला एसीएम सिगकॉम पुरस्कार, २००३ ला फ्रान्सचा लेजियाँ दॉनर हा सन्मान, आणि २०१३ ला ब्रिटनचा पहिला क्वीन एलिझाबेथ इंजिनियरिंग पुरस्कार कान, सर्फ, टिम बर्नर्स-ली आणि मार्क अँड्रीसन यांच्यासोबत विभागून.

वेगळं काय करता आलं असतं

डेटाग्राम सोडून व्हर्च्युअल सर्किट घ्यायला हवं होतं असं मला अजिबात वाटत नाही, तो निर्णय सोन्यासारखा होता.

माझ्या मते खरी चूक ग्राहकांची. सिक्लाद वापरणारे कोण, तर विद्यापीठं आणि संशोधन केंद्रं. नेटवर्क बंद झालं तर यांची गैरसोय होईल, पत्रं लिहितील, बस. १९७३-७४ मध्ये कार्यालय जिवंत होतं तेव्हाच एखादं सरकारी खातं, एखादी बँक, किंवा जुनं गिऱ्हाईक असलेलं हवामान खातंच त्यावर रोजच्या कामाला आणून बसवलं असतं तर १९७५ ला कुणीतरी मंत्र्याला विचारलं असतं की आमचं काम कोण करणार. आर्पानेटवर संरक्षण खात्याचा हात होता म्हणून ते टिकलं हे खरं, पण असा हात शोधावा लागतो, आणि हवामान खात्यात काम केलेल्या माणसाला ते जमलं नसतं असं नाही.

दुसरं, खात्याशी एक मर्यादित तह शक्य होता का? खाली तुमचं व्हर्च्युअल सर्किट, वर आमचं ट्रान्सपोर्ट स्टेशन. तांत्रिकदृष्ट्या कुरूप, एकच काम दोनदा होणार, पूझँनी नाक मुरडलं असतं. पण पुढे जगभर एक्स.२५ च्या लाइनींवरून आयपी पाठवलं गेलंच की. तह केला असता तर निदान टोकाचं सॉफ्टवेअर आणि ते लिहिणारी माणसं एकत्र राहिली असती. विरुद्ध बाजूही सांगतो. मक्तेदारी असलेलं खातं असल्या तहात हळूहळू वरचा थरही गिळतं, आणि मग सिक्लादकडून बाहेर जाण्यासारखं काही उरलंच नसतं. कदाचित भांडले म्हणूनच ती कल्पना एवढी स्वच्छ राहिली आणि ल लान यांच्यासोबत स्टॅनफर्डला जाऊ शकली. मी यावर ठाम नाही.

१९७६ च्या पेपरबद्दल मात्र ठाम आहे. तो दोन वर्षं आधी, पाठीशी माणसं असताना यायला हवा होता, किंवा मग तेव्हा नको होता.

आणि हा स्वभाव पुढेही तसाच राहिला. २००० नंतर पूझँनी डोमेन नावांचा विषय हातात घेतला, इंटरनेटचे पत्ते फक्त रोमन अक्षरांत का, आणि त्यांचा ताबा अमेरिकेतल्या एकाच संस्थेकडे, आयकॅनकडे का. प्रश्न पुन्हा अचूक. उपाय पुन्हा बाहेरून, ओपन-रूट नावाचा वेगळा उद्योग, आयकॅनच्या यादीला पर्याय म्हणून स्वतःची रूट, म्हणजे डोमेन नावांची सगळ्यात वरची यादी, त्यात पाहिजे त्या लिपीत नाव घ्या. अडचण अशी की ती नावं उघडायला आपल्या मशीनमध्ये सेटिंग बदलावं लागतं, आणि ते कोण करणार? दरम्यान रोमनेतर लिपीतली देशांची डोमेन आयकॅननेच २०१० पासून द्यायला सुरुवात केली. आपलं देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, हिंदी, मराठी, कोकणी सगळ्यांसाठी, आणि ते आलं आयकॅनच्याच रांगेतून, अर्ज करून.